जांभळ्या पागोळ्या

घरावर पत्रा घातला की निसर्गाचं किती भलं होतं, यावर मी आजवर बरीच भाषणं ऐकली. त्यातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात बिनडोक भाषण माझं स्वतःचं होतं. ते मी चिंचणीत, आमच्याच घराच्या ओटीवर, जमलेल्या पाच-सात माणसांना आणि एका बैलाला ऐकवलं. माणसं विसरली असतील. बैल मात्र पुढचे दोन महिने ते भाषण पाठीवर घेऊन गावभर हिंडत होता.

आता पालघरच्या बाजूला नवे बंगले उठायला लागलेत. त्यांच्यावर विटकरी नाहीतर हिरव्या रंगाचे पत्रे असतात. ते विकणारा पोरगा गळ्यात टाय बांधून, घाम पुसत सांगतो, "साहेब, झाड तुटत नाही, माती खणावी लागत नाही, जुना झाला की वितळवून पुन्हा नवा." मी मान हलवत ऐकून घेतो. वाईट याचंच वाटतं, की तो खरं बोलत असतो. मीसुद्धा अक्षर न् अक्षर खरंच बोललो होतो. एखाद्या गोष्टीबद्दल माणूस पूर्ण खरा असतो आणि तरीही पूर्ण गाढव असतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणजे बायकोने सांगितलं होतं. पण बायकोचं सांगणं त्या काळी मी सांगण्यात धरत नसे.

तेव्हा मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या खात्यात होतो. रंग म्हणजे भिंतीचा नव्हे, कापडाचा. भुकटीच्या रूपात लोखंडी पिंपांतून यायचा-जायचा. पिंपं मोजायची, त्यांवर शिक्के मारायचे, ट्रकमध्ये चढवायला लावायची, हे माझं काम. आमच्या कारखान्यातला माणूस बोईसरच्या बाजारात कुठूनही ओळखू यायचा: नखं निळी, कानाची पाळी गुलाबी, आणि रुमालाकडे तर बघूच नये. दोनदा आंघोळ केली तरी घामाबरोबर बनियनवर रंग उतरायचा. रोज हे अंगावर वागवणाऱ्या माणसाने पुढे जे केलं ते केलं, म्हणून ही हकिगत लिहितोय. इतर कुणी केलं असतं तर अडाणीपणा म्हणून सोडून देता आलं असतं.

आमचं घर कौलारू. दर उन्हाळ्यात डोंगराकडच्या पाड्यावरून एक म्हातारा वारली यायचा, बरोबर त्याची बायको. तो वर चढून कौलं चाळायचा, फुटकी काढायचा, किडका वासा बदलायचा. ती खालून कौलं झेलायची आणि झेलता झेलता त्याला शिव्या घालायची. दोन दिवसांत घर पावसाला तयार. त्याला आम्ही सगळे बाबा म्हणायचो.

छप्पर बरं होतं. रड होती ती पाण्याची. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्याने भांडी घासावीत, फार तर पाय धुवावेत. त्यात डाळ शिजायची नाही. वाल तर सकाळी चुलीवर ठेवले तर संध्याकाळीही खडेच. गोड्या पाण्याची विहीर शेजारच्या काकांच्या चिकूच्या वाडीत, अगदी पलीकडच्या टोकाला. तिथवर जायचं तर भाताची खाचरं ओलांडून, अरुंद बांधावरून. उन्हाळ्यात ठीक. पावसात तो बांध म्हणजे साबण. आमची बायको डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी अशा चार-पाच खेपा रोज करायची. माणूस आभाळातून पडणाऱ्या पाण्यात चिंब भिजत पाणी आणायला जातो, हा विनोद मी तेव्हा चारचौघांत सांगायचो. लोक हसायचे. ती हसायची नाही.

आदल्या पावसाळ्यात ती त्या बांधावरून घसरली. हंडा खाचरात, कळशी चेपली, आणि उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर. दीड महिना ती डाव्या हाताने भाकऱ्या थापत होती आणि मी त्या भाकऱ्यांच्या आकारावर शेरे मारत होतो. पाणी त्या दीड महिन्यात काकांकडच्या सुनांनी आणून दिलं. माझ्या मनात आलं नाही का, की आपण आणावं? आलं असेल. पण पुरुषाने डोक्यावर हंडा घेणं म्हणजे काय, हे ज्याला आमच्याकडचं गाव माहीत आहे त्याला सांगायला नको.

प्लास्टर निघालं त्या दिवशी ती मनगट चोळत एवढंच म्हणाली, "पुढच्या पावसात मी त्या बांधावर जाणार नाही. काय करायचं ते तुम्ही बघा."

मी बघायचं ठरवलं आणि तिथेच घात झाला.

त्या हिवाळ्यात कारखान्याने आम्हा दहा-बाराजणांना पालघरला एका व्याख्यानाला धाडलं. पर्यावरण हा शब्द तेव्हा नुकता आमच्याकडे पोचला होता. वक्ते मुंबईहून आले होते. तीन तास बोलले. कौलं भाजायला भट्टीत किती लाकूड जळतं, कौलांसाठी चांगली शेतीची माती कशी खरवडली जाते, कौलांचं ओझं पेलायला किती जाड वासे लागतात आणि ते जंगलातूनच कसे येतात, हे सगळं. मग म्हणाले, पत्रा हलका, त्याला बारीक लाकूड पुरतं, तो वर्षानुवर्षं टिकतो, मोडीत गेला तरी वाया जात नाही. आणि शेवटी म्हणाले, पत्र्यावरून पावसाचं पाणी स्वच्छ उतरतं. ते साठवा, प्या.

बाकीचे चहा-वड्याची वाट बघत होते. मी मात्र ताठ बसलो. जंगल वाचतंय, माती वाचतेय आणि वर पाणी दारात! एका दगडात एवढे पक्षी मारायचा योग माझ्यासारख्याच्या आयुष्यात एकदाच येतो.

घरी येऊन सगळं व्याख्यान बायकोला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती.

"जंगलाचं राहू द्या," ती म्हणाली. "पाणी दारात येणार का?"

"हौद बांधू. छपरावरचं सगळं पाणी पन्हळीतून हौदात."

"आणि नाही आलं तर?"

"नाही कसं येईल? विज्ञान आहे ते."

"आषाढ सरेपर्यंत दारात पिण्याचं पाणी नाही आलं," ती शांतपणे म्हणाली, "तर चुंबळ तुमच्या डोक्यावर. आणि मागच्या दाराने गुपचूप नाही जायचं. गावातून जायचं."

मी हसून हो म्हटलं. ती तांदळातले खडे बाजूला काढत राहिली.

आता पालघरच्या दुकानातून जस्ताचे नवे पत्रे आणावेत, हे कुणाही सरळ माणसाला सुचलं असतं. मला त्याहून वरचं सुचलं. नवा पत्रा म्हणजे पुन्हा खाणीतून लोखंड आलं, भट्टी आली, धूर आला. त्यापेक्षा जुनंच वापरलं तर? आमच्याच कारखान्याची रिकामी पिंपं सरावलीचा एक भंगारवाला उचलायचा. तळ आणि झाकण कापून, उभं चिरून, घणाने ठोकून सपाट करायचा. तसल्या पत्र्यांची कुंपणं आणि कोंबड्यांची खुराडी सरावलीत जिकडे तिकडे होती. घर मात्र कुणी शाकारलं नव्हतं. का नव्हतं, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं, त्यांनी व्याख्यान ऐकलं नाही म्हणून.

भंगारवाल्याने ट्रकभर पत्रे जवळजवळ फुकटच दिले. देताना म्हणाला, "साब, अच्छे से धोना पडेगा. ये रंग बहुत हरामी चीज है."

"रंग मला शिकवतोस?" मी म्हणालो. "मी रंगातच काम करतो."

"इसी लिए बोला," तो म्हणाला.

मी धुतले. म्हणजे प्रत्येक पत्र्यावर बादलीभर मचूळ पाणी ओतलं आणि पत्रा हलवला. वरची भुकटी गेली. पिंपाच्या अंगाला ज्या फुगीर कड्या असतात त्यांच्या खोबणीत आणि जोडाच्या दुमडीत काय बसलंय, ते बघायला मी वाकलो नाही. उन्हाळ्याचे दिवस, पाठ दुखत होती.

बाबा नेहमीप्रमाणे आला. अंगणात पत्र्यांचा ढीग बघून त्याने स्वतःच्या बायकोकडे बघितलं, तिने त्याच्याकडे.

"हे काय हाय?"

"या वर्षी कौलं काढायची, बाबा. पत्रा घालायचा."

मग मी त्याला जंगलाचं सांगितलं. मातीचं सांगितलं. तो उकिडवा बसून शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "आमचं घर गवताचं. दोन-तीन पावसाळे झाले का गवत सडतं, त्या आमी शेतात टाकतो, त्याचा भात होतो, तो आमी खातो. तुमचा ह्या पत्रा सडला का कोन खानार?"

"सडत नाही तो. वितळवतात."

"आन वासा आमी न्हेतो एक, चार वर्षांनी. ट्रक भरून लाकूड कोन न्हेतं, त्यांना जाऊन सांग ना तुझा भाषन. तिकडं तू नाय जायचास."

त्याची बायको पदर तोंडावर धरून हसली. मी मनात म्हटलं, अडाणी आहेत बिचारे. तीन तासांचं व्याख्यान ऐकून आलेला माणूस मी, आणि जंगलात जन्मलेल्या माणसाला जंगल समजावत होतो. मग मी त्याच्या हातात हातोडा दिला.

एक अडचण निघाली. पिंपांच्या बाहेरच्या अंगावर धोक्याची कवटी छापलेली असायची, खाली दोन हाडं. ती बाजू वर ठेवली तर सगळं छप्पर कवट्यांचं दिसणार. गावात शोभा नको म्हणून मी फर्मावलं, कवट्या आतल्या बाजूला. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. पिंपाची आतली बाजू, म्हणजे ज्या बाजूला वर्षानुवर्षं रंग बसून होता ती, आभाळाकडे तोंड करून राहिली. आणि घरात कुणीही आडवं पडलं की वरून ओळीने कवट्या बघायच्या. बायको पहिल्याच दुपारी कलंडली आणि ताडकन उठून बसली.

"अहो, हे घर आहे का स्मशान?"

"सवय होईल," मी म्हणालो.

बारीक लाकूड पुरतं म्हणून वासे मी अर्धे केले. उरलेले बाबा घेऊन गेला. उतरवलेली कौलं विकायची माझी तयारी होती. बायकोने ती एकेक करून परसात, भिंतीला टेकून रचली आणि त्यावर सुकी झावळी घातली. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "कोंबड्यांना आडोसा." वैशाखात घरात भट्टी पेटली. खोबरेल दिवसभर पातळ, तुपाची भरणी बायकोने विहिरीच्या कठड्याच्या सावलीत नेऊन ठेवली, आणि दुपारी आम्हीही तिथेच जाऊन बसायला लागलो.  ती पाण्याची वाट बघत होती.

पाऊस सुरू झाला तेव्हा हौद बांधून तयार होता, पण पन्हळ लावायची राहिली होती. बारीक सरींत पत्र्यांच्या कडेला किंचित गुलाबी झाक दिसली. मी म्हटलं, गंज असेल. गंज गुलाबी असतो का, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, नवीन गंज असतो.

मग चार दिवसांनी पन्हळ लागली, आणि आभाळ असं भरून आलं की आता हौद एका दमात भरणार हे नक्की झालं. अशी संधी मी सोडणार? शेजारच्या काकांना बोलावलं, आळीतले आणखी चौघे-पाचजण जमले. काकांचा पांढराशुभ्र बैल खुंटा सोडून आमच्या वळचणीला येऊन उभा राहिला. पावसात तो तिथेच यायचा, त्याची जागाच ती. मी ओटीवर उभा राहून सुरुवात केली: भट्टी, माती, जंगल. वर पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की मला ओरडावं लागत होतं. "आणि आता बघा," मी ओरडलो, "या छपरावरून तुमच्यासमोर शुद्ध, निर्मळ..."

पन्हळीच्या तोंडातून जांभळा लोंढा आला.

फिकट नव्हे. पिकल्या जांभळाचा गडद रंग, फेसासकट. सगळ्या वळचणीवरून जांभळ्या पागोळ्या लागल्या. दुमड्यांत आणि खोबण्यांत बसलेली भुकटी चार दिवस भिजून फुगली होती आणि आता मोठ्या पाण्याबरोबर सुटली होती. हौदात रंगपंचमी. अंगणात ओहोळ. आणि वळचणीला रवंथ करत उभ्या राहिलेल्या बैलाच्या पाठीवर शेपटीपासून वशिंडापर्यंत एक सरळ जांभळा पट्टा.

 मग काकांनी हौदात वाकून बघितलं.

"भाऊ," ते म्हणाले, "कोकमाचं आहे का जांभळाचं?"

त्यानंतर जो हशा झाला तो पावसाच्या वर ऐकू आला. एकजण म्हणाला, साखर टाका, बोईसरला विकायला नेऊ. दुसरा म्हणाला, "काका, बैल रंगवायला दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबायचं होतं, यांनी आत्ताच उरकून टाकलं." मी म्हणालो, हे पहिलं पाणी आहे, उद्या स्वच्छ येईल. मी हौदाकडे बघत होतो, म्हणून मागे दारात उभ्या असलेल्या बायकोचा चेहरा मला दिसला नाही. दिसला तो नंतर, सगळे गेल्यावर. ती हसत नव्हती. कोनाड्यातून चुंबळ काढून तिने ती ओटीवर ठेवली, डाव्या हाताने, आणि आत गेली.

उद्या स्वच्छ आलं नाही. परवाही नाही. पिण्याचं पाणी तेवढे दिवस काकांकडच्या सुनांनी दिलं. आठव्या दिवशी मी कारखान्यात रंगाचं मिश्रण बघणाऱ्या मास्तरांना, सहज म्हणून, विचारलं की अमुक रंग पत्र्याला बसला तर किती वेळा धुतल्यावर जातो.

"जात नाही म्हणून तर लोक विकत घेतात," ते म्हणाले. मग माझ्याकडे निरखून बघत, "का हो? कुठल्या पत्र्याला?"

मी सांगितलं. त्यांच्या हातातली काचेची नळी तशीच राहिली.

"प्यालात का?"

"नाही."

"भांडी धुतलीत?"

"नाही."

"बायको शहाणी दिसते," ते म्हणाले. "तुमच्यावर सोडलं असतं तर प्याला असतात. उतरवा ते आजच्या आज. थेंब वापरू नका."

त्या दिवशी कारखान्यामागच्या नाल्यावरून घरी निघालो. नाला त्या वेळी नारिंगी होता. आदल्या आठवड्यात हिरवा होता. रोज शेकडो माणसं त्यावरून जायची, एकालाही त्यात विनोद दिसला नव्हता. मलाही नाही. माझ्या अंगणातल्या जांभळ्या ओहोळाला अख्खं गाव हसलं, ते बरोबरच होतं. पण त्या नाल्याच्या काठावर उभं राहून मी झाडं वाचवण्याचं व्याख्यान ऐकून आल्याची फुशारकी मारली होती, हे आठवून मी स्वतःलाच एक शिवी घातली. बाबाची बायको घालायची त्यातली.

पत्रे उतरवायचे तर बाबा हवा. पाड्यावर निरोप धाडला. उत्तर आलं: लावणी चाललीय, भात तुझ्या पत्र्यासाठी थांबणार नाही. बरोबरच होतं. म्हणजे लावणी सरेपर्यंत वर कवट्या, खाली आम्ही, आणि पाणी बांधापलीकडे.

आषाढ संपायला अजून बरेच दिवस होते. शब्दाप्रमाणे मला तोवर मुदत होती, आणि खरं सांगतो, मी ती वापरायचा विचार केला. पण दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी नव्हती, घरी होतो, आणि बायको ओटीवरची चुंबळ उचलायला वाकली. बांधावर जाणार नाही म्हणाली होती ती. तिने मनगटाला फडकं गुंडाळलं होतं. पावसात अजून ठणकायचं. ते फडकं बघितलं आणि माझ्याने राहवलं नाही. चुंबळ मी घेतली.

"मुदत आहे अजून," ती म्हणाली.

"असू दे."

"गावातून जायचं हां."

गेलो. काकांच्या वाडीच्या टोकाला विहिरीवर सात-आठ बायका होत्या. त्यांत किनाऱ्यावरच्या नवापूरहून आमच्या आळीत दिलेली एक कोळीण होती. तिने मला बघितलं आणि रहाट सोडून दिला.

"अगो बाय, बुवा आला पान्याला! काय रं भाऊ, तुज्या घरी त सरबताचा हौद हाय ना?"

"नाय गो," दुसरी म्हणाली, "सरबत पिऊन पिऊन तोंड गोड झालं, आता साधं पानी होवं."

"चुंबळ तरी नीट ठेव रं, टोपी हाय का ती?"

त्यांनीच ती नीट केली, त्यांनीच हंडा चढवला. हंडा डोक्यावर आला आणि मान खांद्यांत गेली. मी दोन पावलं टाकली. अर्धं पाणी कॉलरमधून आत. मागून हसणं. बांधावर पोचलो तेव्हा कळलं की डोक्यावर हंडा असला की खाली बघता येत नाही. एवढी साधी गोष्ट. पाय कुठे पडतोय हे दिसतच नाही, तो आपला पडत जातो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, ती रोज असं न बघता चालत होती, आणि मी ओटीवर बसून विचारायचो, बघून चालता येत नाही का?

मी पडलो. अर्थात पडलो. खाचरात बसकण मारली, हंडा पोटावर. बायका धावत आल्या. हसत होत्या, पण हात देऊन उठवलं. कोळीण म्हणाली, "टाच आधी टेक, भाऊ. आन घाई करू नको. घाई केली म्हनून तुजी बायको पडली हुती. तुला कामावर जायचा हुता ना, डबा हवा हुता."

हे मला माहीत नव्हतं.

तिथून पुढे जवळजवळ महिनाभर मी पाणी आणलं. पाळी असेल तशी, कधी कामाच्या आधी, कधी नंतर. कारखान्यात मानेला पट्टी लावून जायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, पिंप उचलताना लचकली. गावात एक नाव पडलं. ते इथे लिहीत नाही, पण अजून काहीजण त्याच नावाने हाक मारतात. बैल काही उजळला नाही. काकांनी त्याला दोनदा राखेने घासलं आणि मग नाद सोडला. बाजारात दुरूनच ओळखता येतो, असं म्हणून त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं.

श्रावणात पावसाला उघाड पडली आणि बाबा आला. वर बघून म्हणाला, "कवट्या लई झाल्या. एक घरवाल्याची पन लाव मधी." त्याने पत्रे उतरवले. बायकोने परसातली झावळी बाजूला केली. खाली सगळी कौलं, एक फुटलेलं नाही, कोंबडीचं एक पीसही नाही. वासे बाबाने परत आणून दिले. आमचेच वासे, पाड्यावर नेऊन त्याने ते वापरलेच नव्हते. "माहीत हुता," एवढंच म्हणाला. माझ्यावर एवढा विश्वास कुणी ठेवला नव्हता.

घरावर पुन्हा कौलं चढली. पण नुसती कौलं नव्हेत. पडवीवर, फक्त पडवीवर, पालघरच्या दुकानातून आणलेले जस्ताचे कोरे पत्रे बसवले. ते बायकोने ठरवलं. "पाणी पत्र्यावरून स्वच्छ येतं हे खोटं नाही ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, खोटं नाही. "मग तुमचं डोकं वगळून बाकीचं करू." उकाडा होऊ नये म्हणून बाबाच्या बायकोने पत्र्याखाली झावळ्यांचे झाप विणून लावले. हौद राखेने, मग चुन्याने तीनदा घासला आणि तरी बायकोने तो पिण्यासाठी वापरू दिला नाही. पन्हळीखाली तिने नवा रांजण ठेवला, तोंडाला दुहेरी फडकं. सुरुवातीच्या दोन दिवसांचं पाणी तिने अंगणात सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी वाटीत घेतलं, उजेडाकडे धरलं, वास घेतला, पुन्हा उजेडाकडे धरलं. मी शेजारी उभा होतो. 

ती प्याली.

"याला चवच नाही," ती म्हणाली.

पण त्या दिवशी तिने वाल शिजत ठेवले आणि अर्ध्या वेळात ते लोण्यासारखे झाले. ती झाकण काढून बराच वेळ पातेल्यात बघत होती. मग चुंबळ खुंटीला टांगली.

कवट्यांचे पत्रे सरावलीच्या भंगारवाल्यानेच परत नेले. म्हणाला, गलेंगे, नया बनेगा. म्हणजे व्याख्यानातलं तेवढंही खरं निघालं. मी कुणाला ते सांगायला गेलो नाही.

चार दिवसांनी बघतो तो खुंटीवर चुंबळ नाही. रांजण काठोकाठ भरलेला, आणि बायको भर पावसात बांधाकडे निघालेली. हातात चुंबळ आणि फक्त एक लहान कळशी, टाच आधी टेकत, सावकाश. मी मागून ओरडलो, "अगं, दारात पाणी आहे ना! आता कशाला?"

ती थांबली, वळली.

"पाण्याला कोण चाललंय?" ती म्हणाली. "विहिरीवरच्या बायकांना कवट्यांचं अजून सांगायचं राहिलंय."